व्यापारी कायद्याची पाठ्यपुस्तकं आणि दुकानातलं बिलबुक

आजचं व्याख्यान एका पुस्तकावर नाही, पुस्तकांच्या एका जातीवर आहे. वाणिज्य शाखेत शिकलेल्या प्रत्येकाच्या हातून असं एक पुस्तक गेलेलं असतं. मुखपृष्ठावर तराजू किंवा न्यायाधीशाचा हातोडा, नाव 'व्यापारी कायदा' किंवा 'व्यावसायिक कायदे', आणि परीक्षा संपली की पुढच्या वर्षीच्या मुलाला निम्म्या किमतीत विकलेलं. आम्ही अशी बरीच पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून वाचली, मराठीतली आणि इंग्रजीतलीही. कुणा एका लेखकाला धारेवर धरायचं नाही म्हणून नावं घेत नाही. खरं सांगायचं तर नावं घेऊन फारसा फरकही पडणार नाही, कारण या पुस्तकांची प्रकरणं, उदाहरणं, कधीकधी वाक्यंसुद्धा एकमेकांची सख्खी भावंडं आहेत.

ही पुस्तकं कायदा चुकीचा सांगतात असं आमचं म्हणणं नाही. तशी चूक क्वचितच सापडते. आमची तक्रार वेगळी आहे. कायद्यातली प्रत्येक संकल्पना हे कुठल्यातरी भांडणाचं उत्तर असतं, आणि ही पुस्तकं उत्तर छापतात, भांडण गाळतात. ठराव आणि करार यांतला फरक लिहून दहा गुण मिळवलेला मुलगा पुढच्याच महिन्यात मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून न वाचता सही करतो. त्यानं जे पाठ केलं ते आणि त्यानं जिथे सही केली ते, ही एकच गोष्ट आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

एक खटला घेऊ. मुद्दाम आपल्याकडचा घेतला आहे.

२२ जुलै १९५९. अहमदाबादची एक व्यापारी पेढी आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावची एक जिनिंग फॅक्टरी-तेलगिरणी यांच्यात ट्रंक कॉलवर सौदा झाला. माल होता सरकीची पेंड. अहमदाबादवाल्यांचं म्हणणं असं की ठरलेला माल आला नाही. त्यांनी अहमदाबादच्या दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. त्यावर खामगाववाले म्हणाले, थांबा, हा दावा इथे चालूच शकत नाही. मागणी तुम्ही फोनवरून केलीत, आम्ही ती खामगावात बसून मान्य केली, म्हणजे करार खामगावात झाला. काय असेल ते आमच्याकडच्या न्यायालयात मांडा.

पाठ्यपुस्तकात हा खटला 'भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल' म्हणून येतो आणि त्याच्या वाट्याला दोन ओळी येतात. टेलिफोनवरचा करार हा स्वीकृती जिथे ऐकू येते तिथे पूर्ण होतो, निकाल अहमदाबादच्या बाजूनं, पुढचा मुद्दा. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतो. करार कुठे झाला यानं कुणाचं काय बिघडतं, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही, आणि आला तरी उत्तर पुस्तकात नाही.

उत्तर अगदी साधं आहे हो. करार जिथे झाला तिथल्या न्यायालयात दावा लावता येतो. म्हणजे वकील कुठला द्यायचा, साक्षीदार आणि हिशेबाच्या वह्या कुठे घेऊन जायच्या, प्रत्येक तारखेला शेकडो किलोमीटरचा प्रवास कुणी करायचा, हे सगळं त्या एका वाक्यावर ठरतं. आणि आता तारखा बघा. सौदा १९५९ च्या जुलैमधला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३० ऑगस्ट १९६५ चा. सहा वर्षं फक्त एवढ्याच मुद्द्यावर गेली की दावा ऐकायचा कुठे. पेंड द्यायला हवी होती की नव्हती, याला सर्वोच्च न्यायालयानं हातही लावला नाही. तो प्रश्नच तिथे नव्हता. ज्यानं उद्या धंदा करायचा आहे त्याच्या दृष्टीनं या खटल्यातली सगळ्यात महत्त्वाची माहिती ही सहा वर्षं आहेत, आणि नेमकी तीच पुस्तकात नाहीत.

दुसरी गळालेली गोष्ट म्हणजे मतभेद. हा निकाल एकमतानं झाला नव्हता. करार कायद्याचं कलम ४ पत्रव्यवहाराचा विचार करून लिहिलेलं आहे: स्वीकारणाऱ्यानं पत्र टपालात टाकलं, ते त्याच्या हातातून सुटलं, की प्रस्ताव करणारा बांधला जातो. हाच नियम फोनला लावला तर खामगावच्या तोंडून 'मान्य' शब्द निघाला तिथेच करार झाला. न्यायमूर्ती शहा यांनी बहुमताच्या वतीनं सांगितलं की फोनवरचं बोलणं समोरासमोरच्या बोलण्यासारखं आहे, ऐकू आल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. न्यायमूर्ती हिदायतुल्ला म्हणाले, कलमाचे शब्द जसे आहेत तसे वाचले तर ते फोनलाही लागू पडतात, इंग्लंडच्या न्यायालयांनी काय ठरवलं ते इथे आणायचं कारण नाही. (हिदायतुल्ला त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि खामगाव पूर्वी त्याच न्यायालयाच्या हद्दीत होतं. यात काही शोधू नये, पण वाचताना गंमत वाटते.) कायदा १८७२ चा, बेलचं टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. जुन्या शब्दांत नवं यंत्र बसवायचं कसं, यावर दोन मोठी डोकी वेगवेगळ्या बाजूंना गेली. शिकण्यासारखं यापेक्षा चांगलं काय असणार? विद्यार्थ्याला मात्र असं वाटतं की उत्तर आधीपासून कपाटात ठेवलेलं होतं.

आज तीच मुलं व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक संदेश कुठून निघाला आणि कुठे पोचला असं धरायचं, ते सांगितलेलं आहे. साधारणपणे ज्याच्या-त्याच्या धंद्याचं ठिकाण. खामगावच्या फोनला लागूनच हे यायला हवं. बऱ्याच पुस्तकांत माहिती तंत्रज्ञान कायदा शेवटच्या प्रकरणात येतो, एकटाच, आणि तोपर्यंत सत्र संपत आलेलं असतं.

आता खामगावच्या व्यापाऱ्याला हे सगळं कसं टाळता आलं असतं? हा प्रश्न कुठल्याही दुकानातल्या बिलबुकाला विचारा. बिलाच्या तळाशी, बारीक अक्षरात, सहीच्या वर एक ओळ असते: सर्व वाद पुणे न्यायकक्षेच्या अधीन. पुण्याच्या जागी सांगली घाला, इचलकरंजी घाला, जालना घाला. छापखानेवाला विचारत नाही, तो ती ओळ आपोआप टाकतो. वाणिज्य शाखेच्या मुलानं लहानपणापासून ती शेकडो वेळा पाहिलेली असते. कायद्याचा अभ्यासक्रम या ओळीपासून सुरू करायला काय हरकत आहे?

कारण ही ओळ वाटते तितकी सोपी नाही. दोन्ही बाजूंना मिळून, मुळात अधिकार असलेल्या न्यायालयांपैकी एक निवडता येतं. ज्या न्यायालयाचा संबंधच नाही त्याला अधिकार बहाल करता येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये मुंबईच्या गॅमन कंपनीच्या एका कंत्राटाच्या निमित्तानं सांगितलं. मग प्रश्न आला की 'पुणे न्यायकक्षा' लिहिलं म्हणजे बाकीची न्यायालयं बाद झाली का, की 'फक्त पुणे' असं लिहायला हवं? १९८९ मध्ये गुजरातमधल्या कैराचं नाव असलेल्या अशाच एका अटीबद्दल न्यायालय म्हणालं की 'फक्त'सारखा शब्द नाही, म्हणून तमिळनाडूतल्या सेलमचा दावा चालेल. २०१३ मध्ये कोलकात्याच्या अटीबद्दल म्हणालं की 'फक्त' नसला म्हणून बिघडत नाही, हेतू स्पष्ट आहे. एका अव्ययावर चोवीस वर्षं! आणि याच्याही आधीचा प्रश्न: सौदा फोनवर ठरला, बिल नंतर मालाबरोबर गेलं, मग बिलावरची अट समोरच्यानं मान्य केली कधी? प्रस्ताव आणि स्वीकृती हे पुस्तकातलं पहिलं प्रकरण इथे अचानक जिवंत होतं.

तेच बिल खालून वर वाचत जाऊ. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे; त्यामुळे ही ओळ गिऱ्हाइकाला घाबरवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. 'माल गोदामातून निघाल्यावर आमची जबाबदारी नाही.' ही ओळ म्हणजे माल विक्री कायदा, १९३० चं कलम २६. मालकी ज्याची, जोखीम त्याची, आणि मालकी कधी सरकली हे ठरवायला त्याच कायद्यातली आधीची सगळी कलमं. 'चू. भू. द्या. घ्या.' आम्हाला ही सगळ्यात लाडकी, कारण तिच्यात एक जुनी सभ्यता आहे. पण तिच्यानं बेरजेची चूक दुरुस्त होते. तुम्ही एकट्यानंच भाव चुकून कमी लावलात तर केवळ तेवढ्यावर सौदा मोडता येत नाही, कलम २२ आड येतं. आणि 'मुदतीनंतर द.सा.द.शे. २४ टक्के व्याज'. ही ओळ छापून दुकानदार खूश असतो, आणि वसुलीच्या वेळी ती सोडून देतो, कारण गिऱ्हाईक टिकवायचं असतं. तो नोंदणी केलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असेल तर २००६ च्या कायद्यानं त्याला याहून धारदार हत्यार दिलेलं आहे. लेखी ठरलं असलं तरी पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायचे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय आयकरात वजा मिळत नाही. सनदी लेखापालांच्या ऑफिसात त्या वर्षी मार्चमध्ये दुसरा विषय नव्हता. पाठ्यपुस्तकात करारभंगाचं प्रकरण मात्र एका इंग्लिश गिरणीच्या मोडक्या दांड्यावर थांबतं.

तो गिरणीचा खटला, म्हणजे १८५४ चा हॅडले विरुद्ध बॅक्सेंडेल, वाईट आहे असं नाही. नुकसानभरपाईचा नियम तिथूनच आला. पण आपल्या कायद्याच्या कलम ७३ खाली तोच नियम समजावणारी उदाहरणं कायद्यातच छापलेली आहेत. पन्नास मण सोरा ठरलेल्या भावानं द्यायचा, दिला नाही, तर भरपाई म्हणजे करारातला भाव आणि त्या दिवसाचा बाजारभाव यांतला फरक. जहाज भाड्यानं घेऊन मुंबईला १ जानेवारीला माल भरायचा आणि कलकत्त्याला न्यायचा, जहाज मुंबईला आलंच नाही, तर काय. १८७२ च्या करार कायद्याचं हे मोठं वैशिष्ट्य आहे: तो नियम सांगतो आणि लगेच, शिक्षकासारखा, 'समजा अ नं ब ला...' म्हणून गोष्ट सांगतो. आम्ही तर म्हणू, तो कायदाच एक बरं पाठ्यपुस्तक आहे. आणि पाठ्यपुस्तकांनी सर्वात आधी काय कापलं असेल तर ही उदाहरणं. त्यांच्या जागी आली मुद्द्यांची यादी: वैध कराराची दहा आवश्यक तत्त्वं.

एक जोडी सांगतो, म्हणजे काय हरवलं ते कळेल. कलम १६, अनुचित प्रभाव. उदाहरण पहिलं: गावच्या सावकाराचा आधीच देणेकरी असलेला माणूस त्याच सावकाराकडून पुन्हा कर्ज घेतो, अटी उघडउघड जाचक आहेत, तर प्रभाव टाकला नाही हे सावकारानं सिद्ध करायचं. लगेच दुसरं: बाजारात पैशाची चणचण आहे, बँकेनं नेहमीपेक्षा चढ्या व्याजाशिवाय कर्ज द्यायला नकार दिला, माणसानं ते घेतलं, हा धंद्यातला नेहमीचा व्यवहार, अनुचित प्रभाव नाही. ही उदाहरणं १८९९ च्या दुरुस्तीनं आली. दोन्हीकडे व्याज जास्त, दोन्हीकडे गरज. फरक कुठे आहे? एकाला दुसऱ्या दारात जाता येत होतं, दुसऱ्याला नाही. आम्हाला तरी या दोन परिच्छेदांइतकी 'मुक्त संमती'ची नेमकी फोड कुठल्या गाईडात सापडली नाही.

आणि महाराष्ट्रात बसून हे कलम शिकवताना सुप्याचं नाव घ्यायचं नाही, हे तर आम्हाला समजतच नाही. करार कायदा १ सप्टेंबर १८७२ ला लागू झाला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले, सावकारांच्या घरांवर गेले, आणि त्यांनी खतं आणि वह्या मागून घेतल्या, जाळल्या. धान्याच्या गोदामांची लूटही झाली, पण रोख मुख्यतः कागदावर होता. त्यामागे १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचीही गोष्ट आहे. कर्जखताची मुदत तीन वर्षं झाली, हेतू असा की व्याज साठत जाऊ नये. सावकारांनी दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घ्यायला सुरुवात केली. कुळाचा अंगठा होता, साक्षीदार होते, कागद कायद्यानं चोख होता. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करून न्यायालयांना सांगावं लागलं की कागदावर थांबू नका, कागदाच्या मागे जाऊन पहिल्या कर्जापासूनचा हिशेब बघा. म्हणजे 'सही आहे म्हणून संमती आहे' हा नियम आपल्याच जिल्ह्यात सात वर्षांत मोडून पडला, आणि त्याला अपवाद करावा लागला. इतिहासाच्या पेपरात ही मुलं दख्खनचे दंगे म्हणून हे वाचतात. करारांच्या पेपरात ते नसतं.

आता भाषेविषयी थोडं. मराठी माध्यमाच्या पुस्तकांत 'कन्सिडरेशन'ला 'प्रतिफल' म्हणतात. शब्द चांगला आहे, शासकीय परिभाषेतला आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी दस्तनोंदणीला जाऊन कुठलंही खरेदीखत उघडा, तिथे 'मोबदला' असतो. मुलाच्या आजोबांनी तो शब्द आयुष्यभर वापरला. पुस्तकात निदान एकदा लिहा की प्रतिफल म्हणजे आपला मोबदला! धनादेश-हुंडीच्या कायद्याला एक पुस्तक 'चलनक्षम दस्तऐवज कायदा' म्हणतं, दुसरं 'परक्राम्य संलेख अधिनियम', आणि विद्यार्थ्याला वाटतं हे दोन कायदे आहेत. 'विसार' हा शब्द तर पुस्तकांतून जवळजवळ हद्दपार आहे. घर असो, बैलजोडी असो, मंगल कार्यालय असो, आपल्याकडे व्यवहार विसारानं पक्का होतो आणि मोडला की भांडण विसारावरून होतं. कलम ७४ आणि १९६९ चा मौला बक्ष खटला हे खरं तर याच भांडणाचं प्रकरण आहे: लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी पुरवण्याचं कंत्राट मोडलं, सरकारनं ठेकेदाराची अनामत जप्त केली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही अनामत आहे, विसार नव्हे, आणि बटाट्याला बाजारभाव असतो; तुमचं नुकसान किती झालं ते सिद्ध करता आलं असतं, तुम्ही केलं नाहीत, पैसे परत करा. 'विसार बुडतो' आणि 'डिपॉझिट जप्त' ही दोन वाक्यं आपण एकाच दमात म्हणतो. कायदा त्यांत फरक करतो, आणि तो फरक मंगल कार्यालयाच्या पावतीवरून पाच मिनिटांत शिकवता येतो.

'दामदुप्पट' हा असाच एक शब्द. आज तो ठेवीच्या जाहिरातीत दिसतो, पैसे दुप्पट या अर्थानं. जुन्या मुंबई इलाख्यात तो हिंदू ऋणकोचं संरक्षण करणारा नियम होता: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. देणेकऱ्याची ढाल होती, ती ठेवीदाराचं आमिष झाली. असो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

खटल्यांच्या निवडीवर फार वेळ घालवत नाही. कार्बोलिक धुराच्या गोळीची जाहिरात आणि पुतण्याला शोधायला गेलेला मुनीम, या दोन गोष्टी प्रत्येक पुस्तकात आहेत, मुलांना त्या आवडतात, राहू द्या. फक्त मुनिमाच्या खटल्यात, म्हणजे १९१३ च्या लालमन शुक्ला प्रकरणात, एवढं तरी सांगा की मुलगा सापडल्यावर मुनीम आणखी काही न मागता पुढे सुमारे सहा महिने त्याच मालकाकडे नोकरी करत होता, आणि ५०१ रुपयांच्या बक्षिसाचा दावा त्यानं नोकरी गेल्यावर लावला. म्हणजे भांडण मुळात कशाचं होतं हे मुलांना आपोआप कळेल. आणि अज्ञान व्यक्तीशी केलेला करार शून्य, हे शिकवताना वर्गाकडे एक नजर टाका. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात निम्मी मुलं अठराची झालेली नसतात. ती स्वतःच कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' असतात, आणि फोनवर रोज 'मला मान्य आहे' दाबत असतात.

आमचे काही प्राध्यापक मित्र यावर म्हणतात की तुमचं सगळं ठीक आहे, पण पेपर विद्यापीठ काढतं, तासिका मोजक्या, मुलं नव्वद. हे खरं आहे आणि यात त्यांचा दोष नाही. तरी एक निरीक्षण नोंदवतो. याच पुस्तकांत कलम ७५ नंतर एकदम कलम १२४ येतं. मधली कलमं गेली कुठे? ७६ ते १२३ मध्ये माल विक्री होती, ती १९३० मध्ये वेगळा कायदा होऊन बाहेर पडली. २३९ ते २६६ मध्ये भागीदारी होती, ती १९३२ मध्ये. चार ओळींत सांगून होणारी गोष्ट आहे. ती कळली की मुलाला समजतं की हे तीन कायदे म्हणजे एकाच घरातून वेगळे निघालेले भाऊ आहेत, आणि एकाचे नियम दुसऱ्याला का लागू पडतात. त्याला वेळ लागत नाही. लेखकाला ते सांगावंसं वाटलं पाहिजे.

शेवटी हमीचा, म्हणजे जामिनाचा मुद्दा. तो आम्ही मुद्दाम मागे ठेवला, कारण वाणिज्य शाखेच्या पुस्तकातला हा एकच विषय असा आहे जो विद्यार्थ्याच्या घरात आधीच येऊन बसलेला असतो. पतसंस्थेचं कर्ज, दोन जामीनदार. काकांना हवं होतं म्हणून वडिलांनी सही दिली. 'नुसती सही आहे, कर्ज मीच फेडणार आहे.' पाठ्यपुस्तकात कलम १२८ ला एक वाक्य: जामीनदाराचं दायित्व ऋणकोच्या दायित्वाइतकंच असतं. 'इतकंच' हा शब्द वाचून मुलाला वाटतं, म्हणजे मर्यादित आहे, बरं आहे. त्याचा अर्थ असा की धनकोनं आधी कर्जदाराकडे जाऊन हात टेकायला हवेत असं नाही. पहिल्याच दिवशी तो जामीनदाराकडे येऊ शकतो. बँक ऑफ बिहारच्या १९६८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं, की आधी कर्जदाराविरुद्ध सगळे उपाय करून पाहा असं बँकेला सांगणं म्हणजे हमीचा उपयोगच काढून घेणं. धनकोच्या बाजूनं बघितलं तर हे बरोबरच आहे. हमी घेतली ती याचसाठी.

सहकारी संस्थेच्या बाबतीत तर दिवाणी दाव्याचीही गरज पडत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० चं कलम १०१, ज्याला गावोगाव 'एकशे एकचा दाखला' म्हणतात. निबंधकानं तो दिला की वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. कर्जदार गाव सोडून गेलेला असतो, जामीनदार पगारदार असतो, पत्ता पक्का असतो. वसुली कुणाच्या दारात जाणार हे सांगायला कायदा शिकावा लागत नाही. तो दाखला पाहिलेली घरं आपल्या श्रोत्यांतही असतील. पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेत तो नाही, कारण तो 'सहकार' या दुसऱ्या पेपरात जातो.

पुस्तकात जामीनदाराचे हक्क मात्र नीट दिलेले असतात, आणि याबद्दल त्यांचं कौतुक केलं पाहिजे. कर्जाच्या अटी त्याला न विचारता बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो सुटतो, कलम १३३. धनकोनं तारण हातचं घालवलं तर त्या किमतीपुरता तो सुटतो, कलम १४१. भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मागता येतात, कलम १४५. मुलं हे पाठ करतात. मग एखाद्या वर्गात खरंखुरं छापील जामीनपत्र वाचायला द्यावं. बहुतेक जामीनपत्रांत चौथ्या-पाचव्या परिच्छेदात, न थांबता चालणाऱ्या एका लांबलचक वाक्यात, जामीनदारानं १३३ पासून १४१ पर्यंतचे हक्क सोडून दिले असं लिहिलेलं असतं. पाठ केलेले हक्क तिथे एका स्वल्पविरामात गेलेले असतात. उरतं ते १४५, म्हणजे काकांकडून परत मागण्याचा हक्क, आणि त्याची किंमत काकांवर अवलंबून.

परीक्षेत प्रश्न येतो, जामीनदाराचे हक्क स्पष्ट करा. आम्हाला विचाराल तर प्रश्न असा असावा: सोबतच्या जामीनपत्रात यांपैकी कोणते हक्क शिल्लक आहेत ते सांगा. गुण तेवढेच ठेवा.

पुढच्या व्याख्यानात चेक आणि हुंडी घेणार आहोत, कलम १३८ सह. नोटिशीचे तीस दिवस कुठून मोजायचे यावर बरेच प्रश्न आले आहेत, ते त्या वेळी. येताना घरातला एक रद्द केलेला चेक बरोबर आणा; त्याच्या दोन्ही बाजू वाचायच्या आहेत.